अर्धा आजा

आमच्या घरातलं वाकणं १९५६ साली बंद झालं. मला ते पुन्हा शिकवलं गेलं १९८२ साली, जुन्नरला, एका नाट्यवर्गात. शिकवणारे सर भला माणूस होते, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं वाचून कुणी म्हणेल, आला आणखी एक शिव्या घालायला. शिव्या घालून भागणार असतं तर मी कधीच मोकळा झालो असतो. चाळीस वर्षं हे पोटात धरून बसलो नसतो.

मी घोडनदीच्या काठचा. आंबेगाव तालुका, घोडेगावच्या वरच्या अंगाला गाव. आजा गावचा येसकर. म्हणजे रात्री वेशीवर पहारा आणि दिवसा पाटलाचा सांगकाम्या. साहेब आला की त्याच्या घोड्यापुढं पळायचं. कुणी मेलं की परगावी सांगावा न्यायचा. जनावर मेलं की ओढायचं. आणि संध्याकाळी दारोदार भाकर गोळा करायची. बा डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेला मुंबईला गेला. ७ तारखेला दादरला चितेसमोर भदंत आनंद कौसल्यायन यांनी लाखावर लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या लाखात माझा बा होता. परत आला आणि त्यानं येसकराची काठी उचलून घोडनदीत टाकली. महार वतन रद्द करणारा कायदा सरकारनं केला १९५८ साली. आमच्या घरानं तो सरकारच्या आधी केला. ही गोष्ट मी छाती काढून सांगत आलो. त्या छातीखाली काय दबलं होतं ते मला नाटकानं दाखवलं.

कॉलेजात असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत जुन्नरला नाट्यवर्ग निघाला. दीड महिन्याचा. सुट्टीमुळं शाळा रिकामी, तिथल्या एका मोठ्या खोलीत बाकं भिंतीला लावून आम्ही बसायचो. चौदा पोरं, तीन पोरी. मी एकटा बौद्धवाड्यातला. सर पुण्याहून यायचे. खांद्याला शबनम पिशवी, पिशवीत के. नारायण काळ्यांनी मराठीत आणलेलं स्तानिस्लावस्कीचं 'अभिनयसाधना'. नट कसा घडतो, पात्र आतून कसं उभं राहतं, असलं काही मी तोवर ऐकलं नव्हतं. नाटक म्हणजे पाठांतर आणि मोठा आवाज, एवढीच माझी समजूत. सर म्हणाले, "पात्र म्हणजे माणूस. त्याचा जन्म, त्याची भूक, त्याची झोप, सगळं तुम्हाला माहीत पाहिजे. प्रवेशात तो दहा मिनिटं दिसतो. उरलेलं आयुष्य तुम्ही वहीत लिहायचं." मला हे इतकं आवडलं की त्याच दिवशी बाजारातून दोनशे पानी वही आणली.

प्रवेश सरांनी स्वतः लिहिलेला होता. येसकर पाटलाच्या वाड्यावर येतो. घरात सून बाळंत झालीय, दाणा नाही. तो पायलीभर जोंधळे मागतो. पाटील म्हणतो, आधी गोठ्यातला मेलेला बैल ओढ, मग बघू. येसकर पाया पडतो. पुन्हा पडतो. पडदा. पात्रांच्या यादीत पाटलाला नाव होतं, आडनाव होतं. कारभाऱ्याला नाव होतं. तिसऱ्या जागी लिहिलं होतं: एक महार.

सरांनी यादी वाचली, मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. सगळ्या वर्गानं बघितलं. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. ते आपसूक झालं. पाणी उताराला जातं तसं ते पात्र माझ्याकडं आलं.

जुन्नरच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. त्यांत दान देणाऱ्यांचे लेख कोरलेत. बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीचं दान, कासारांच्या श्रेणीचं दान, धान्याच्या व्यापाऱ्यांचं दान, यवनांचंही. दगडावर आपली नोंद राहावी एवढी त्या कामकऱ्यांची पत होती. त्याच जुन्नरात विसाव्या शतकात एका पुरोगामी माणसाला आमच्यासाठी कागदावर एक नाव सुचलं नाही. हे मला आज सुचतंय. त्या दिवशी काहीच सुचलं नाही. मला काम मिळालं याचाच आनंद झाला.

वहीत लिहिलं. वय पन्नास. पोटात भूक. मनात भीती. पात्राला काय हवंय? भाकर. सरांनी बरोबरची खूण केली.

मग अंग घडवणं सुरू झालं. सर म्हणायचे, "अजून खाली. पाठीचा कणा नाहीच असं समज." मी खाली. "नजर जमिनीवर. आवाज घशातून नको, पोटातून येऊ दे, उपाशी पोटातून." मी तसा आवाज काढला. आठ दिवस झाले तरी त्यांचं समाधान होईना. एका दुपारी ते जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "अरे, हे तुला शिकवावं लागतंय? तुझ्या अंगात आहे ते. आठव. बाहेर काढ."

मी आठवलं. आजा गेला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. भिंतीला टेकून बसलेला एक वाकडा म्हातारा, एवढाच आजा माझ्या डोळ्यांत होता. तो वाकडेपणा मी उचलला. मान कशी पुढं झुकलेली, हात गुडघ्याच्या खाली कसे लोंबलेले, उठताना तोंडातून कसा आवाज निघायचा. जोहार घालताना हात जमिनीला लावला आणि वर उठलोच नाही. तसाच अर्धवट राहिलो. वर्ग गप्प झाला. एका पोरीनं डोळे पुसले. मग टाळ्या. सर म्हणाले, "सापडला! तुला पात्र सापडलं!"

पाटील करणारा पोरगा खरोखरच पाटलाच्या घरचा होता. माझा दोस्त. त्याला काही पाटील जमत नव्हता. निळू फुल्यांचा 'सामना' त्यानं चारदा बघितलेला, त्यामुळं मिशीला पीळ, डोळे बारीक, बेरकी हसणं, सगळं पडद्यावरचं. सर त्याला म्हणत, "याच्याकडून शिक. बघ कसा भिडलाय तो पात्राला." मी फुगलो. आयुष्यात पहिल्यांदा पाटलाच्या पोराला माझ्याकडून शिक म्हणून कुणी सांगत होतं. कशात? तर वाकण्यात.

शेवटच्या आठवड्यात बा जुन्नरला काही कामानं आला होता. आयेनं दिलेला डबा घेऊन दुपारी शाळेत आला. मला ठाऊक नाही. प्रवेश चालू होता. मी जोहार घातला, पाया पडलो, पुन्हा पडलो. टाळ्या झाल्या. वर बघितलं तर दारात कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. जाऊन बघतो तर उंबऱ्यावर डबा. माणूस नाही.

मी एसटी स्टँडला पळालो. बा बाकावर बसला होता. पांढरा सदरा, धोतर, हातात छत्री. मी शेजारी बसलो. तो बोलला नाही. गाडी आली, चढलो. नारायणगावपर्यंत एक शब्द नाही. नारायणगावात उतरलो तर मंचर-घोडेगावची शेवटची गाडी निघून गेलेली. आता सकाळशिवाय काही नाही.

चैत्र-वैशाख म्हणजे जत्रांचे दिवस. नारायणगावात त्या दिवसांत तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावची पंच मंडळी येतात, फड पारखतात, जत्रेची सुपारी देतात. रस्त्याच्या कडेला रंगीत पाट्या, पेट्रोमॅक्सचा उजेड, कुठं ढोलकी घोटतायत. बाला या सगळ्याचा राग. त्यानं मला कधी तमाशा बघू दिला नाही. स्टँडच्या फरशीवर आम्ही पथारी टाकली आणि त्या ढोलकीच्या आवाजानं त्याचं तोंड उघडलं.

"ही समदी आपलीच माणसं," बा म्हणाला. "म्हारं, मांगं, कोल्हाटी. ह्या गावची विठाबाई. खेळ चालू असताना बाळंत झाली, दगडानं नाळ तोडली आन् परत बोर्डावर उभी राह्यली म्हणत्यात. लोक म्हणत्यात, काय ती कलेची निष्ठा! बाळंतिणीला एक रात घरी बसू दिली न्हाई, त्येला निष्ठा म्हणत्यात व्हय? महाडाच्या सत्याग्रहाला पठ्ठे बापूराव खेळाचा पैसा द्यायला ग्येला तर बाबासाहेबांनी घेतला न्हाई. आपल्या बायका नाचवून आलेला पैसा नको म्हनले. आन् आज तू काय करत व्हतास तिथं?"

मी म्हणालो, "बा, हा तमाशा नाही. हे नाटक आहे. लोकांना आपलं दुःख कळावं म्हणून. आपले जलसे नव्हते का? भीमराव कर्डकांचा जलसा तुम्हीच सांगता ना."

"जलशात गणपती काढून टाकला, गवळण काढून टाकली," बा म्हणाला. "गडी ताठ उभा राहून सवाल टाकायचा. तुझ्यात सवाल कुठं व्हता? तुझ्यात नुसती पाठ व्हती. मी जी काठी नदीत टाकली ती तू हुडकून आणलीस. आन् टाळ्या कुणी वाजवल्या? बघितलंस?"

मला उत्तर आलं नाही. बराच वेळ गेला. चहावाल्यानं शेवटचा चहा दिला. मग बा हळूच म्हणाला, "पर एक सांगू? तू माझा बाप केलास खरा. मान तशीच. उठतानाचा आवाज बी तसाच. माझ्या काळजात लक्कन हाललं. पर तू अर्धाच केलास."

"अर्धा म्हणजे?"

"वाड्यावरचा केलास. येशीवरचा न्हाई, घरातला न्हाई."

आणि माझा बा, तमाशाच्या राहुटीकडं तोंड करून कधी न बसणारा माझा बा, नारायणगावच्या स्टँडवर रात्री उठून उभा राहिला. छत्रीची काठी केली. धोतराच्या सोग्याची घोंगडी केली.

"हे बघ. वाड्यात शिरायच्या आधी म्हातारा थांबायचा. काठी भुईवर दोनदा आपटायची. काठीला घुंगरं. आवाज आत ग्येला की बायका बाजूला व्हायच्या. मंग ऊन बघायचा. सकाळी वाड्याच्या ह्या अंगाला उभा राह्यचा, सांजच्याला त्या अंगाला. का? सावली पायरीवर पडू नये म्हणून. तू तर मधोमध उभा राह्यलास. मधोमध उभं राह्यला असता तर दात पाडलं असतं. मंग जोहार. वाकायचा, पर डोळं मिटून न्हाई वाकायचा. पायरीवर पायताणं किती, कुणाची, ते मोजायचा. आज कुलकर्ण्याची हायेत, सावकाराची हायेत, म्हंजी कुणाचं तरी रान जाणार. रातच्याला घरी आला की समद्या म्हारवाड्याला बातमी. गावात काय शिजतंय ते गावाच्या आधी म्हारवाड्याला ठावं असायचं."

बानं वाकून दाखवलं. तेच वाकणं, जे मी केलं होतं. पण त्या वाकण्यात एक माणूस जागा होता.

"आन् घरी आला की काठी कोपऱ्यात उभी करायचा. दगडावर बसायचा. एक-एक हाड जागेवर यावं तशी पाठ सरळ करायचा. मंग पाटील करून दाखवायचा आम्हाला. पाटलासारखं हळू बोलायचा, खाकरायचा, पान लावायचा. आमची हसून मुरकुंडी. आये म्हणायची, आवाज बाहेर जाईल. जोहार हे त्याचं सोंग व्हतं, पोरा. सोंग उतरवून घरी येणारा माणूस व्हता तो. तू सोंगाचं सोंग घेतलंस."

मी ऐकत होतो. समोर राहुटीत कुणीतरी सोंगाड्या हसत होता. दिवसभर ज्याच्यापुढं वाकायचं त्याला रात्री बोर्डावर उभं करून हसायचं, ही विद्या आमच्याच वाड्यांतून बोर्डावर गेली असली पाहिजे. सरांच्या पिशवीत ती नव्हती. माझ्या घरात होती आणि मला पत्ता नव्हता.

"आणि भाकर?" मी विचारलं. "त्याला भाकरच हवी होती ना?"

"भाकर त्याचा हक्क व्हता. भीक न्हाई. बावन्न हक्क सांगायचा म्हातारा तोंडपाठ. शिवेचा तंटा निघाला की साक्ष म्हाराची. त्या दिवशी आजा पुढं आन् पाटील-कुलकर्णी मागं. कुठला दगड कुठं पुरलाय ते ह्यालाच ठावं. त्या दिवशी त्याची चाल बघायची व्हतीस. तेवढ्यासाठी वतन धरून बसला व्हता." बा थांबला. "बाबासाहेबांनी १९२८ सालीच कौन्सिलात बिल मांडलं वतनाच्या पायी चाललेल्या गुलामीवर. वतन म्हंजी बेडी, हे मला पटलं. म्हाताऱ्याला न्हाई पटलं. मी काठी टाकली त्या दिवशी तो माझ्याशी बोलायचा थांबला. दिवस कलला की त्याचा हात कोपऱ्यात जायचा. काठी नसायची. मंग हात तसाच गुडघ्यावर ठेवायचा. तू त्याला बघितलास तवा तो तसा झाला व्हता. वाड्यावर असताना एवढा वाकलेला नव्हता तो."

मला अंगावर काटा आला. मी जो आजा उचलून नेला, तो पाटलानं वाकवलेला नव्हताच. तो काठी गेल्यावर वाकलेला होता.

"म्हणजे चुकलं का तुमचं?" मी विचारलं.

"काठी टाकली ते बराबरच. पुन्हा टाकीन. पर त्याला संगं घेऊन नदीवर जायला पायजे व्हतं. मी त्याला शरमलो व्हतो रं. त्याच्या वाकण्याला शरमलो. पंचवीस वर्सं तो मला वाकलेलाच दिसतोय. आज तू त्याला केलास तवा बाकीचा आठवला."

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो नाही. बाला घोडेगावच्या गाडीत बसवलं आणि परत जुन्नरला आलो. वहीतली पानं फाडली, नवी लिहिली. पात्रांच्या यादीत 'एक महार' खोडून तिथं आजाचं नाव घातलं.

तालमीत मी आधी काठी दोनदा आपटली. ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते बघून एका अंगाला सरकलो. वाकलो, पण नजर पायरीवर फिरवली. पाटील आत गेल्यावर, पडदा पडायच्या आधी, एकटा असताना पाठ सरळ केली आणि गेलेल्या पाटलाचं खाकरणं हळूच करून बघितलं. दोघं-तिघं हसले. सरांनी टाळी वाजवून थांबवलं.

"हे काय? प्रवेशाचा जीव गेला. प्रेक्षकाला रडू यायला पाहिजे."

मी म्हणालो, "सर, हा माणूस एकटा असला की वाकत नाही."

"पण आपल्याला त्याचं दैन्य दाखवायचंय. तू त्याला बेरकी करतोयस."

"बेरकी नाही सर. हुशार."

सर चिडले नाहीत. विचारात पडले. मग म्हणाले, "बरं. अदलाबदल करून बघू." नट एकमेकांच्या भूमिका करतात, तो एक व्यायामच असतो. मला पाटील दिला, पाटलाच्या पोराला येसकर.

मी बाकावर बसलो. मिशीला हात लावला नाही. हळू बोललो. एवढं हळू की समोरच्याला पुढं झुकून ऐकावं लागावं. खरा पाटील ओरडत नाही. ओरडायचं काम त्याची माणसं करतात. जोंधळ्याची गोष्ट निघाल्यावर मी उत्तरच दिलं नाही. पानाला चुना लावत बसलो. तो उभा राहिला. मी लावतच राहिलो. वर्गात कुणी हललं नाही.

संपल्यावर तो दोस्त माझ्याकडं बघत राहिला. पांढराफटक. म्हणाला, "हे आमचं आबा हायेत. तू आमच्या आबांना कधी बघितलं?"

"अंगणातून," मी म्हणालो. "तुमच्या अंगणात उभं राहून आम्ही पिढ्यान्पिढ्या दुसरं काय केलं?"

त्याला येसकर जमला नाही. कसा जमणार? त्याच्या घरातल्या कुणी येसकराकडं कधी बघितलंच नव्हतं. समोर वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही, टाळकं दिसतं. वरून बघणाऱ्याला माणूस पुरता दिसत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही दोघांना ओळखून होतो. ते एकाच माणसाला ओळखत होते, तेही नीट नाही.

आता एक कबुली. पाटील करताना मला मजा आली. सपाटून मजा आली. समोर एक माणूस वाकलेला आहे, आपण चुना लावतोय, त्याचं पोट आपल्या हातात आहे. ती मजा अंगात भिनली. रात्री झोप लागेना. हा पाटील मी केला कुठून? नुसता अंगणातून बघितलेला नव्हता तो. माझ्या आतही एक बसायला जागा शोधत होता. पुढं चळवळीत हिंडलो तेव्हा आपलेच काही पुढारी मी बघितले. खुर्चीवर बसून हळू बोलणारे, कार्यकर्त्याला ताटकळत ठेवून पान लावणारे. तेव्हा मी लोकांसारखा चकित झालो नाही. ते पात्र मी करून बघितलं होतं.

वर्गाच्या शेवटी प्रयोग झाला. सरांनी पाटील मलाच दिला आणि येसकर पाटलाच्या पोराला. त्याच्याकडून पहिल्यासारखं, वाकून, रडून करून घेतलं. मी तीन दिवस त्याला सांगत होतो की डोळे उघडे ठेव. तो म्हणायचा, सरांनी नको म्हटलंय. लोक रडले. बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, "काय अभिनय! पोरगं अगदी महार वाटलं." आणि माझ्याकडं बोट करून दुसरे म्हणाले, "हा कुठल्या पाटलाचा?"

हसावं की रडावं! सरांना सांगितलं तर ते हसले. मग त्यांचं हसणं अर्ध्यात थांबलं. ते काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मी म्हणतो ते भले माणूस होते, ते या थांबण्यावरून.

पुढच्या वर्षी, १९८३ च्या भीमजयंतीला, आम्ही तो प्रवेश आमच्याच वाड्यात केला. माझ्या वहीतला. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी' या एकांकिकेचं नाव तोवर आमच्यापर्यंत आलं होतं. आपल्या पोरांनी आपलं नाटक करायचं असतं, हे मनावर घेतलं होतं. ही काही नवी गोष्ट नव्हती. म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या पोरांनी केलं होतं आणि ते खुद्द बाबासाहेबांनी बघितलं होतं. आमच्याकडं पडदा नव्हता. दोन घरांच्या मधलं अंगण, एक बत्ती. मी आजा झालो. काठी आपटली. पायताणं मोजली तेव्हा म्हाताऱ्या बायका खुदखुदल्या. त्यांना सांगावं लागलं नाही मी काय मोजतोय. पाटील गेल्यावर मी खाकरलो, तर हशा वाड्याबाहेर गेला असेल. कुणी रडलं नाही. नाही म्हणायला एक रडला, पण तो पहिल्या रांगेत नव्हता.

मधेच बा उठला. मला वाटलं, जातोय. तो सरळ अंगणात आला, माझ्या खांद्यावरची घोंगडी काढली आणि दुसऱ्या खांद्यावर टाकली. "ह्या खांद्यावर काठी असायची," म्हणाला. "घोंगडी त्या." आणि जागेवर जाऊन बसला. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे.

शेवट मी बदलला होता. काठी कोपऱ्यात उभी करतो आणि येसकर एकटा तिच्याकडं बघतो. नदीत टाकतो असं दाखवलं नाही. ते दाखवलं असतं तर टाळ्या आल्या असत्या. पण आजानं टाकली नव्हती. बानं टाकली होती. आजाच्या हातून टाकवून मला दोघांचंही खोटं करायचं नव्हतं.

विठाबाई २००२ साली गेल्या. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. बाही गेला. सर कुठं असतील ठाऊक नाही. हे लिहायचं कारण एवढंच की आज तुम्ही पोरं-पोरी पथनाट्यं बसवता, एकांकिका करता, तालमीचे फोटो दाखवता. चांगलं वाटतं. पण बऱ्याच नाटकांत मला तोच 'एक महार' पुन्हा दिसतो. आता तो बापाचा, आजाचा वेश घालून येतो, वाकतो, मार खातो, आणि मग कुणीतरी येऊन भाषण करतो. लिहिणारे आपणच आहोत, तरी तो वरूनच बघितलेला असतो.

दोस्तांनो, पात्राची वही करताना आधी त्याला नाव द्या. मग लिहा, मालक पाठमोरा असताना हा काय करतो. मालकाला जे ठाऊक नाही ते याला काय ठाऊक आहे. कशाचा याला अभिमान आहे, आणि तो अभिमान आपल्याला पटत नसला तरी तसाच लिहा. वतनाचा अभिमान चूकच होता. पण चुकीचा अभिमान बाळगणारा माणूस हाही पुरा माणूस असतो. आणि कधी पाटील करायची पाळी आली तर करा, चांगला करा. रात्री घरी जाऊन फक्त एवढं बघा, तो अंगातून उतरला की नाही.

हे कुठल्या पुस्तकात शोधू नका. घरात एखादा म्हातारा, एखादी म्हातारी अजून भिंतीला टेकून बसलेली असेल. तिला उठवा. उभं करून विचारा, घोंगडी कुठल्या खांद्यावर होती. मी पाच वर्षांचा होतो म्हणून मला विचारता आलं नाही, आणि बानं पंचवीस वर्षं विचारू दिलं नाही. तुमचा आजा अर्धा राहू देऊ नका.

जयभीम.